चिलापी आणि डोहांची बेटं

मेचा मध्य. दिंडोरीकडून निफाडकडे येणारं कडवा नदीचं पात्र जागोजाग तुटलेलं. मधे नुसता तापलेला काळा खडक, गोटे, वाळलेल्या शेवाळाचे करडे पापुद्रे, आणि एका वळणावर कमरेइतकं पाणी धरून राहिलेला डोह. एका म्हाताऱ्या बाबांनी पाग फेकला, सावकाश ओढला आणि काठावरच्या घमेल्यात झटकला. सात-आठ मासे पडले. सगळ्या चिलाप्या, म्हणजे तिलापिया. त्यातली एक वीतभरही नव्हती, रंगानं राखाडी आणि गालफडं फुगलेली. घमेल्यातल्या ओंजळभर पाण्यात ती दोनदा आपटली आणि तिनं तोंड उघडलं. आतून पिल्लं सांडली. जेमतेम सेंटीमीटरभर लांबीची, अंग जवळजवळ पारदर्शक, दिसत होते ते फक्त डोळे. पाच-पन्नास तरी असावीत. शेजारी उकिडवा बसलेला नातू म्हणाला, ‘‘बाबा, लेकरं हायेत तिची. सोडू का?’’ बाबा म्हणाले, ‘‘दे सोडून.’’ पोरानं दोन्ही हातांनी घमेलं उचललं, मोठे मासे हातानं अडवले आणि ते पाणी अलगद डोहात ओतलं.

त्या पोराचं काही चुकलं असं म्हणवत नाही. पिल्लांना मारू नये, विणीच्या माशाला सोडावं, हे नदीकाठच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेलं शहाणपण आहे आणि मरळ, वाम, शिंगाळा या इथल्या मूळच्या माशांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण तेच शहाणपण चिलापीला लावलं की डोहाचा घात होतो. दया करणाऱ्याला हे सांगायचं कसं, हा प्रश्न काही केल्या मनातून जात नाही.

चिलापीचं सगळं बळ तिच्या तोंडात आहे. पाणी वीस-बावीस अंशांच्या वर गेलं, म्हणजे आपल्याकडे साधारण फेब्रुवारी सरता सरता, की नर उथळात येतो. एरवी मळकट राखाडी असलेला नर आता काळा पडतो, गळ्याखाली पांढरा होतो, परांच्या कडा लालसर दिसू लागतात. गुडघाभर पाण्यात तळाचा गाळ तोंडानं उपसून तो भाकरीएवढा गोल खळगा करतो आणि त्यावर राखण बसतो. स्वच्छ पाण्यात असे खळगे शेजारी शेजारी सहज दिसतात. मादी येते, खळग्यात अंडी घालते, लगेच ती तोंडात उचलते आणि खोल पाण्यात निघून जाते. लहान मादीची शंभरेक अंडी असतात, मोठीची काहीशे. तीन ते पाच दिवसांत ती तोंडातच फुटतात. पिल्लांच्या पोटाशी असलेली बलकाची पिशवी संपेपर्यंत, म्हणजे एकूण दहा-चौदा दिवस, ती आईच्या तोंडात राहतात. त्या काळात आई जवळजवळ काही खात नाही. नंतर ती पिल्लं बाहेर सोडते, पण सावली पडली, पाणी हललं की ती पुन्हा धावत तोंडात शिरतात. साधारण महिन्याभरात तीच मादी पुढच्या विणीला तयार. पावसाळा संपून पाणी गार होईपर्यंत हे चक्र चालूच. दाटी झाली, खाणं कमी पडलं, तर ही जात वाढायची थांबते पण वीण थांबवत नाही. आठ-नऊ सेंटीमीटरची, दोन-तीन महिन्यांची पोरगेली मादीसुद्धा तोंडात अंडी घेऊन फिरते. डोहात पाच बोटांपेक्षा मोठी चिलापी मिळत नाही आणि लहान मात्र पाग भरून येते, त्याचं कारण हे.

मुळात ही आग्नेय आफ्रिकेतल्या नद्यांची, मोझांबिककडची. तिचा जगभरचा प्रवास मात्र बेटांवरून झाला. 1939 च्या सुमारास जावा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, नदी समुद्राला मिळते तिथे, मुजाइर नावाच्या माणसाला ती सापडली. तिथवर ती कशी पोचली हे गूढच आहे. सापडले ते पाच मासे, असं सांगतात. खाऱ्या पाण्यातून आणलेले मासे त्यानं हळूहळू गोड्या पाण्याला सरावले आणि तळ्यात वाढवले. इंडोनेशियात आजही या माशाला त्याच्याच नावानं ओळखतात. पुढे 1946 मध्ये वू आणि कुओ या दोघांनी सिंगापूरहून काही पिल्लं तैवानला नेली. तेरा जगली, त्यात पाच नर आणि आठ माद्या. तैवानभर चिलापी पसरायला तेवढी पुरली. 1952 मध्ये ती सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, आपल्याकडे तमिळनाडूतल्या मंडपमला आली. अन्न हवं होतं, स्वस्त प्रथिनं हवी होती, आणि कुठल्याही पाण्यात तगणारा हा मासा सगळ्यांना वरदान वाटला. त्या पिढीला नावं ठेवण्यात अर्थ नाही, दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. 1959 मध्ये तिच्या प्रसारावर आपल्याकडे बंदी घालायचं ठरलं, पण तोवर ती हातातून निसटली होती.

बेटांवर तिनं काय केलं हे बघण्यासारखं आहे. प्रशांत महासागरात नाउरू नावाचं लहानसं बेट आहे. त्याच्या आतल्या भागात बुआडा नावाचं सरोवर. तिथली माणसं समुद्राच्या खडकाळ किनाऱ्यावरून मिल्कफिश या समुद्री माशाची इवली पिल्लं गोळा करत, ती सांभाळून सरोवरात आणून सोडत आणि वाढवत. सरोवरात कुटुंबांच्या वाटण्या होत्या, बांध होते. मिल्कफिश समुद्रात वितो, तळ्यात वीत नाही. म्हणजे तळ्यातला एकेक मासा माणसानं हातानं आणलेला. 1960 च्या दशकात तिथे चिलापी सोडली गेली. ती तळ्यातच विते, तीही महिन्या-महिन्याला. एकाची पिल्लं वाहून आणावी लागतात, दुसरीची तोंडातून सांडतात. चारा तेवढाच, पाणी तेवढंच. मिल्कफिशची वाढ खुंटली आणि पिढ्यांची ती शेती मोडली. बाहेरून आलेल्या माशांची अशीच दुसरी गोष्ट फिलिपाइन्समधल्या मिंदानाओ बेटावरच्या लानाओ सरोवराची. तिथे, आणि फक्त तिथेच, कार्पच्या कुळातल्या 17 जाती होत्या. बाहेरून आलेले शिकारी मासे आणि बेसुमार मासेमारी यांनी त्या जवळजवळ संपवल्या. 2020 मध्ये त्यांतल्या 15 जाती नामशेष झाल्याचं जाहीर झालं. लानाओत घुसलेल्या माशांत तळाशी राहणारा गोबी होता, आणि त्याच गोबीच्या कुळातले मासे आपल्या गोदावरीत वाळूला चिकटून मुकाट नांदतात. इथे त्यांनी कुणाचं घर बुडवलेलं नाही, कारण इथले बाकीचे मासे त्यांच्या सोबतीनंच घडलेत.

बेटावर पळून जायला जागा नसते. डोहातही नसते.

नाशिकच्या नद्यांना आपण बारमाही म्हणतो ते धरणाच्या आवर्तनाच्या भरवशावर. गंगापूर, दारणा, करंजवण, कश्यपी, मुकणे यांच्यातून पाणी सुटलं की नदी वाहते, बंद झालं की तुटते. वरच्या अंगाला, इगतपुरी-त्र्यंबकच्या ओहोळांत, तर मार्चपासूनच नुसते डोह उरतात. दोन डोहांच्या मधे तापलेला बेसाल्ट. माशाच्या लेखी तो समुद्रच. त्या चार महिन्यांत नदीतलं सगळं वाण या डोहांत कोंडलेलं असतं. इथले बहुतेक मूळचे मासे वर्षातून एकदा वितात, आणि त्यांची सगळी भिस्त मृगाच्या पहिल्या पुरावर असते. गढूळ पाणी आलं की ते प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ओढ्यांत, भाताच्या खाचरांत, उथळ गवतात अंडी टाकून परततात. चढणीचा मासा तो हाच. म्हणजे जूनमध्ये चढायला जे मासे हवेत ते मेअखेर डोहात जिवंत असायला हवेत. नेमक्या त्याच दिवसांत चिलापीच्या दोन-तीन विणी उरकतात. ती शेवाळ खाते, गाळातलं कुजकं खाते, प्लवक खाते, आणि मिळाली तर दुसऱ्यांची अंडी-पिल्लंही. डोह आटत जातो, पाण्यातला प्राणवायू उतरतो. कार्प जातीचे मासे तोंडं वर काढून गुदमरू लागतात, तेव्हा चिलापी लिटरमागे एक मिलिग्रॅमहून कमी प्राणवायूतही पाण्याच्या वरच्या थरातून घोट घेत तग धरते. पहिला पूर येतो तेव्हा डोहात चढणीला कोण उरलेलं असतं, याचं उत्तर दरवर्षी थोडं थोडं बदलत चाललं आहे.

इंग्रज अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1839 च्या सुमारास दख्खनच्या नद्यांतल्या माशांची शास्त्रीय वर्णनं केली. त्यात मळ्या आहे, कोळस आहे, खुदरी आहे, फुलंजी आहे. आज नाशिकच्या बाजारात उभं राहून यातला एखादा मासा मागितला, तर विकणारी मावशी कटल्याकडे बोट दाखवील. आणखी जवळची गोष्ट देवळालीची. दारणा नदीत मिळालेल्या एका बोटभर माशाचं वर्णन होरा आणि मिश्रा या मत्स्यशास्त्रज्ञांनी 1938 मध्ये केलं आणि मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेतल्या प्रेटर यांच्यावरून त्याला ‘पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेराय’ हे नाव दिलं. इंग्रजीत तो ‘देवळाली मिनो’ आहे. देवळालीचं नाव लागलेला, खालच्या अंगाला तोंड असलेला, वाहत्या पाण्यातल्या खडकांवर जगणारा हा मासा आज अतिसंकटग्रस्त जातींत मोजला जातो. देवळाली छावणी, तिथली हवा, तिथली जुनी आरोग्यधामं सगळ्यांना ठाऊक आहेत. हा मासा देवळालीकरांपैकी किती जणांच्या कानावर गेला असेल?

सगळा दोष चिलापीच्या माथी मारणं मात्र खोटेपणाचं होईल. चढणीची वाट तिनं अडवली नाही, धरणांनी आणि बंधाऱ्यांनी अडवली. डोह तिनं उपसले नाहीत, ते वाळूवाल्यांनी आणि मोटारींनी उपसले. रामकुंडाच्या खाली नदीत सांडपाणी आणि पाणवेली तिनं आणल्या नाहीत. पाणवेलीखालच्या काळ्या, प्राणवायू जेमतेम उरलेल्या पाण्यात बाकीचे बहुतेक मासे जगत नाहीत म्हणून तिथे ती दिसते. आपण नदी बिघडवतो आणि बिघडलेल्या नदीत जो टिकतो तो मासा तिथे राज्य करतो. धरणांतले कटला, राहू, मृगळ तरी कुठे आपसूक आले? तेही बीज सोडूनच आले. फरक इतकाच, की साठलेल्या पाण्यात त्यांना सहजी विता येत नाही, दरवर्षी नवं बीज टाकावं लागतं. टाकणं थांबवलं तर ते ओसरतील. चिलापीला कुणी टाकावं लागत नाही.

आणि ती खाल्ली जाते, हेही खरं. उन्हाळ्यात धरणाच्या पाणलोटात दुसरं काही लागत नाही तेव्हा आदिवासी वस्त्यांवर चूल तिच्यावरच पेटते. तिच्या पाठीच्या पराला पंधरा-सोळा कठीण काटे असतात, सवय नसेल तर हाताला टोचून रक्त काढतात. म्हणून आधी कात्रीनं परच छाटायचे. खवले शेपटीकडून डोक्याकडे. पोट फाडल्यावर आत काळसर पापुद्रा दिसतो, तो बोटानं खरवडून काढलाच पाहिजे, नाहीतर रस्सा कडवट लागतो. नंतर मीठ, हळद, चिंचेचा कोळ लावून अर्धा तास. चिलापीला मातीचा वास येतो अशी तक्रार असते. तो वास हिरव्या-निळ्या शेवाळातून अंगात मुरतो. जिवंत मासा दोन-तीन दिवस स्वच्छ, वाहत्या पाण्यात उपाशी ठेवला तर बराचसा जातो, पण तेवढी सवड कुणाला असते? मग काळा मसाला जरा सढळ हातानं, वर बाजरीची भाकरी. नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात गेलात तर पाणकावळ्याच्या चोचीत आडवी धरलेली, गिळता न येणारी चिलापी दिसेल. पाठीचे काटे ताठ करून ती अडकते, आणि पाणकावळा तिला उडवून उडवून आधी डोकं आत जाईल अशी फिरवून घेतो. पाखरांचीही ती भूक भागवते. त्या पाणथळीला 2020 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा जाहीर झाला तो पाखरांमुळे. पाखरं दिसतात, पाण्याखालचं दिसत नाही.

आता प्रश्न शेततळ्यांचा, आणि नाशिक जिल्ह्यात तो लहान नाही. द्राक्षं, टोमॅटो, कांदा सांभाळायला गावोगाव प्लॅस्टिकच्या अस्तराची शेततळी झाली. पाणी साठलेलंच आहे तर दोन पैसे माशांचे मिळावेत, हा विचार रास्त आहे. त्यात गिफ्ट जातीची सुधारित चिलापी येते. ही वेगळी, नाईल नदीकडची. शेपटीवर उभे पट्टे असतात त्यावरून ओळखावी. 1988 पासून फिलिपाइन्समध्ये निवड पद्धतीनं ती घडवली गेली आणि वाढीला खरोखर जोमदार आहे. नियमानं ती परवानगी घेऊनच वाढवायची, आणि केवळ नर. नर करण्यासाठी पिल्लांना पहिले 21 ते 28 दिवस संप्रेरक मिसळलेलं खाद्य देतात, खाद्याच्या किलोमागे साधारण 60 मिलिग्रॅम. पण हे काम शंभर टक्के साधत नाही. पाच हजार बोटुकल्यांत दोन टक्के माद्या राहिल्या तरी शंभर झाल्या, आणि शंभर माद्या म्हणजे काय हे तैवानच्या आठ माद्यांवरून समजावं. प्लॅस्टिकवर नराला खळगा करता येणार नाही, अशी समजूत आहे. तळाला चार बोटं गाळ साठला की तो त्यातच करतो आणि गाळ नसेल तर नुसत्या प्लॅस्टिकवर जागा झाडून घेतो. पुढच्या उन्हाळ्यात ठिबकच्या फिल्टरमध्ये पिल्लं अडकू लागतात तेव्हा शेतकऱ्याला कळतं. मग तो तळं रिकामं करतो. पाणी नाल्यात, नाला कडवेत, कडवा नांदूरमध्यमेश्वरला गोदावरीत. ओसंडून वाहणारं तळं पावसाळ्यात तेच काम करतं. निफाडचा पारा चार-पाच अंशांवर उतरतो तेव्हा लहान, उथळ तळ्यात चिलापी सुस्तावते, अंगावर कापसासारखी बुरशी धरते, काही मरतातही. पण खोल पाणी तेवढं गार होत नाही. थंडी तिला निपटून काढील ही आशा धरू नये.

तळं साफ करायचं तर एप्रिल-मेमध्ये, पाणी कमीत कमी असताना. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, दीडास एक उताराचं तळं घेतलं तर तळ साधारण एकवीस बाय एकवीस मीटर उरतो. अर्धा फूट पाणी शिल्लक ठेवलं तर ते होतं सुमारे 66 घनमीटर. मोहाच्या पेंडीचं प्रमाण घनमीटरला 250 ग्रॅम, म्हणजे 17 किलोच्या आसपास. पेंड रात्रभर भिजवून सकाळी सगळीकडे सारखी शिंपायची. त्यातलं सॅपोनिन माशाचं रक्त निकामी करतं आणि काही तासांत मासे वर येतात. हेच काम काठोकाठ भरलेल्या तळ्यात करायला गेलं तर पेंड क्विंटलांनी लागेल आणि पैसा पाण्यात जाईल, म्हणून आधी पाणी उतरवणं महत्त्वाचं. विषाचा अंमल पंधरा-वीस दिवस राहतो, पुढे पेंडीचं खतच होतं. तोवर ते पाणी बाहेर सोडायचं नाही. पेंड टाकून दुसऱ्याच दिवशी व्हॉल्व्ह उघडला, तर नाल्यातले आपले मासे आणि गोगलगायी मारण्याचं पाप पदरी पडतं. सगळं पाणी काढून तळ भेगा पडेपर्यंत वाळवता आला तर पेंडीचीही गरज नाही. चिलापीची अंडी कोरड्या गाळात जगत नाहीत. मात्र कोपऱ्यातलं एक डबकं राहिलं तरी केलेलं सगळं वाया जातं.

डोहात पेंड मुळीच चालणार नाही. तिथे आपलेच मासे कोंडलेले आहेत. तिथे हात आणि जाळं, एवढंच. मार्च-एप्रिलमध्ये काठाच्या उथळात खळगे शोधावेत, दुपारी पाणी कोमट झालं की मासे तिथे येतात, तेव्हा पाग टाकावा. चिलापी ओळखायला पाठीचा एकसलग काटेरी पर पुरे. पिल्लू असेल तर त्याच परावर मागच्या बाजूला काळा ठिपका दिसतो. गालफडं फुगलेली मादी पाण्यावर धरून झटकू नये, कारण ती भीतीनं पिल्लं ओकते आणि ती डोहातच पडतात. पाग पाण्याबाहेर, काठापासून चार पावलं आत आणून, कोरड्या जमिनीवर किंवा घमेल्यात सोडवावा. घमेल्यातलं पाणी शेतात ओतावं. मरळ, वाम, शिंगाळा सापडला तर तो परत डोहात. मरळ तर हमखास, कारण चिलापीच्या पिल्लांवर जगणारा तो आपला घरचा मासा आहे. डोह यानं कायमचा मोकळा होत नाही. पण मृगापर्यंत चिलापीची एक वीण जरी टळली तरी चढणीच्या माशांना खायला आणि श्वास घ्यायला जागा मिळते, आणि एका गावानं एका डोहासाठी एवढं करणं अवघड नाही.

शेततळ्याचं पाणी नाल्याकडे सोडावंच लागलं तर पाइपच्या तोंडाला नुसती जाळी बांधून भागत नाही. पिल्लाची जाडी दोनेक मिलिमीटर असते, म्हणून जाळी मिलिमीटरभराचीच हवी, आणि एवढी बारीक जाळी पाइपच्या तोंडावर शेवाळानं तासाभरात बंद होते. मग वैतागून कुणीतरी ती काढून टाकतं. त्यापेक्षा टोमॅटोचे दोन क्रेट तोंडाला तोंड लावून तारेनं बांधावेत, वरून नायलॉनच्या मच्छरदाणीचे दोन पदर गुंडाळावेत, आत एक दगड ठेवावा आणि पाइपचं तोंड मधोमध घालून भोवती सुतळीनं घट्ट आवळावं. क्रेटला चारी बाजू आणि वर-खाली असं भरपूर अंग मिळतं, त्यामुळे ओढ कमी राहते आणि जाळी लवकर चोंदत नाही. दर दोन तासांनी खराट्यानं बाहेरून झाडलं की पाणी चालू राहतं. क्रेट तळाला टेकू द्यायचा नाही, वीतभर वर लटकवायचा, नाहीतर गाळ ओढला जातो. शेवटचं वीतभर पाणी पाइपनं काढायचंच नाही. त्यात सगळ्यात जास्त पिल्लं असतात. ते बादलीनं उपसून बांधावरच्या झाडांना घालावं.